हेडरवाला नीळकंठ

नीळकंठ घोरपडेचं डोकं एके काळी कोल्हापुरात प्रसिद्ध होतं, आणि ते काही अभ्यासासाठी नव्हे. फुटबॉलच्या मैदानावर कॉर्नरवरून बॉल सुटला की हा सेंटर फॉरवर्ड बाकीच्यांच्या हातभर वर दिसायचा आणि गोलकीपर मुकाट जाळीतून बॉल काढायचा. सलग तीन वर्षं त्याने कॉलेजला विद्यापीठाचा चषक आणून दिला. मॅच बघायला येणाऱ्या मुलींमध्ये सुचेता होती. पुढे तिच्याशीच लग्न झालं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. मुंबईच्या एका बँकेने त्याला संघात खेळायला म्हणून नोकरी दिली, पण दोन मोसमांत गुडघा गेला आणि पाठोपाठ बँकेने संघच गुंडाळला. मग गडी निमूटपणे कॉम्प्युटर शिकला, पुण्यात कोड लिहू लागला आणि चाळिशीत नेदरलँड्सला येऊन फोरबर्गमध्ये राहिला. शनिवारी तिथल्या क्लबात पोट सुटलेल्या डच गड्यांबरोबर खेळायचा. एखादा हेडर साधला की आठवडाभर घरात त्याचीच टेप वाजायची.

करोनात क्लबला कुलूप लागलं. एकवीसच्या फेब्रुवारीत मात्र कालवे गोठले आणि सगळं गाव बर्फावर उतरलं. शेजाऱ्याचे स्केट्स मागून नीळकंठही उतरला आणि दहाव्या पावलाला आडवा झाला. डोकं आपटल्याचा आवाज काठावर उभ्या असलेल्या सुचेताला स्पष्ट ऐकू आला.

"अहो, डॉक्टरांना फोन करू या," ती म्हणाली.

"या डोक्यानं हजार बॉल खाल्लेत, सुचे. आणि इथला हाउसआर्ट्स काय देणार? पॅरासिटामॉल. ती घरात आहे."

हाउसआर्ट्स म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर. तो पॅरासिटामॉलशिवाय काही देत नाही, हा तिथल्या मराठी मंडळींचा जुना विनोद. सुचेताही हसली. त्या हसण्याचा तिला पुढे फार राग आला.

मार्च लागला तसं नीळकंठचं डोकं सकाळी दुखायला लागलं. मग तो शब्द विसरू लागला. फ्रिज उघडून उभा राहायचा आणि थंडी बाहेर येत राहायची. एकदा बाथरूममधून येताना डावा पाय ओढत आला आणि म्हणाला, चप्पल सैल झालीये. तो अनवाणी होता. त्याच आठवड्यात तो लॅपटॉपसमोर दोन तास नुसता बसून होता आणि ऑफिसातून तिसरा मेसेज आला, तेव्हा सुचेताने खुर्ची ओढली आणि त्याच्या नावाने उत्तर टाइप केलं.

तिला ते जमत होतं. पुण्यात तिने बारा वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं होतं. सगळं ऑफिस घरात आलेलं, कॅमेरे बंद, बोलणं चॅटवर. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये नीळकंठने दोन वाक्यं बोलायची, ती सुचेता मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे धरायची. बाकी काम ती करायची. ऑगस्टमध्ये इथली पाच वर्षं भरणार होती, मग कायमचं राहण्याचं कार्ड. तोवर तिघांचा व्हिसा नीळकंठच्या नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली तर तीन महिन्यांत गाशा गुंडाळायचा, आणि लेकीला, संहिताला, तर सप्टेंबरपासून ग्रोनिंगनला शिकायला जायचं होतं.

संहिता सतरा वर्षांची, इथल्याच शाळेतली. एप्रिलमध्ये तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा इज सिक. कॉल द हाउसआर्ट्स. आजारी माणसाला इथे दोन वर्षं नोकरीवरून काढता येत नाही, इट्स द लॉ."

"ते त्यांच्या माणसांना," सुचेता म्हणाली. "आपला एक सरकारी नंबर टाकला की यांना सगळं दिसतं. डॉक्टरकडे आजारी लिहिलं की ऑफिसात कळलंच समज."

असं काही नसतं, हे संहिताने परोपरीने सांगितलं. शेवटी सुचेताने फोन केला. करोनामुळे पेशंटला आधी फोनवरच पारखायचे. तिकडच्या असिस्टंटने विचारलं, डोकं दुखतंय, पण काम करू शकतात का?

"हो. रोज आठ तास," सुचेता म्हणाली.

मग पॅरासिटामॉल घ्या, वाढलं तर कळवा, असं उत्तर आलं. फोन ठेवताना सुचेताला चक्क सुटल्यासारखं वाटलं. संहिता दारातून निघून गेली आणि त्या दिवसापासून आईशी कामापुरतंच बोलू लागली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मॅनेजरने कॅमेरा चालू करायला सांगितलं. या तिमाहीत नीळकंठने केलं तितकं चोख काम टीममध्ये कुणी केलं नव्हतं, त्याचं सगळ्यांसमोर कौतुक करायचं होतं. सुचेताने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. पडद्यावर पंधरा चेहरे टाळ्या वाजवू लागले. नीळकंठ त्यांच्याकडे बघत राहिला, मग हळूहळू डावीकडे कलला आणि खुर्चीसकट खाली गेला.

हॉस्पिटलात एकालाच आत सोडत होते. डॉक्टरीण तरुण होती, मास्कवरचे डोळे थकलेले.

"स्कॅन चाललंय. रक्त साचून मेंदूवर दाब आलेला दिसतो," ती इंग्रजीत म्हणाली. "पण तुमच्या हाउसआर्ट्सच्या नोंदीत आहे की ते पूर्णवेळ काम करतात. आज सकाळीही करत होते ना? मग त्रास सुरू होऊन काही तासच झालेत. ही चांगली गोष्ट आहे."

किती आठवड्यांनी कुणीतरी चांगलं काही बोललं होतं. ते तसंच राहू द्यावं असं सुचेताला फार वाटलं. डॉक्टरीण लिहू लागली.

"ते काम करत नव्हते," सुचेता म्हणाली. "मी करत होते."

पेन थांबलं. "कधीपासून?"

"दहा आठवडे झाले."

डॉक्टरणीने लिहिलेली ओळ खोडली. ती रागावली नाही, तेच सुचेताला सोसवेना.

"मार्चमध्ये आणलं असतं तर कवटीला एक लहान भोक पाडून साचलेलं रक्त काढलं असतं आणि चार दिवसांत घरी सोडलं असतं. ऑपरेशन आताही करू. पण उठल्यावर ते तुम्हाला ओळखतील का, हे मला सांगता येत नाही."

तिने संमतीचा कागद पुढे सरकवला. पेशंटशी नातं या रकान्यात सुचेताने पत्नी असं लिहिलं आणि खाली सही केली.