पटलं म्हणायच्या तीस तऱ्हा

भूकंपानंतर गोऱ्या लोकांच्या जीपा गावात आल्या, तेव्हा त्यांच्याशी दोन वाक्यं बोलला म्हणून गावचा पोस्टमन सरपंचाला मागं सारून पुढच्या सीटवर बसला. सटवाजीनं ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात इंग्रजीनं घर केलं. तीन वर्षांनी त्यानं थोरल्या साक्षीला लातूरला, मन्मथ सरांच्या स्पोकन इंग्लिश क्लासला घातलं.

आता हे मन्मथ सर म्हणजे लई पोचलेले. सहा महिन्यांत त्यांनी पोरींना शिकवलं काय, तर एखादी गोष्ट आपल्याला पटली हे सांगायच्या तीस तऱ्हा. 'आय अ‍ॅम सोल्ड ऑन इट', 'यू हॅव वन मी ओव्हर', अन् काय काय. दर महिन्याला पालक मेळावा. एकेकीनं उठून क्लासबद्दल त्यातली एक तऱ्हा ठणकावून म्हणायची, की नवे पालक फॉर्म भरायला रांगेत उभे. पटलं नाही तर काय म्हणायचं, असं साक्षीनं एकदा विचारलं. ते पुढच्या बॅचला असतंय, म्हणाले सर.

इथं काही शिकवत नाहीत, हे साक्षीनं बापाला मराठीत दोनदा सांगून पाहिलं. अभ्यासाचा कंटाळा आलाय म्हणून तो उलट तिलाच बोलला. वर येत्या मेळाव्यात धाकटीचंही नाव घालायचं ठरवून मोकळा. चांगली चाललेली शाळा सोडून ती पोर इथं येणार, या विचारानं साक्षीला घास गोड लागेना. ती डिक्शनरी घेऊन महिनाभर एकटीच घोकत बसली.

मेळाव्यात तिची पाळी आली. ती उठली आणि न अडखळता पाच मिनिटं इंग्रजीत बोलली. हा क्लास निव्वळ फसवणूक आहे, इथं पाठांतरापलीकडं काही नाही, आपल्या लेकरांना कृपा करून इथं घालू नका, असं तिनं स्वच्छ सांगितलं. सरांचा चेहरा पार उतरला. मग त्यांनी पालकांच्या तोंडाकडं पाहिलं आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली. सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला.

सटवाजीचे डोळे भरून आले. धाकटीचा फॉर्म त्यानं तिथंच सही करून सरांच्या हातात दिला. साक्षी धावत आली, त्याचा हात धरला.

"आबा, नका घालू म्हणाले मी."

"येडी का काय," सटवाजी डोळे पुसत म्हणाला, "इतकं छान येतंय, अन् मराठीत कशाला बोलायलीस?"