आमाचं मत

“पेटी दाराबाहेर जाणार नाही,” असं म्हणून धोंडुपने टेबलावरची पत्र्याची पेटी स्वतःकडे ओढून घेतली.

समोर उभी असलेली यांगझोम तिबेटी कॅम्पच्या शाळेत शिकवायची. आज त्याच शाळेत मतदान होतं, त्या कामाला ती धोंडुपच्या हाताखाली होती आणि आत्ताच त्याच्या घरून येत होती. धोंडुपची आई, जिला सगळा कॅम्प आमा म्हणत असे, कमरेला रंगीत पट्ट्यांचा ठेवणीतला अ‍ॅप्रन बांधून सकाळपासून मत द्यायला उंबऱ्यात बसली होती. गेल्या पावसाळ्यात पडल्यापासून तिला उभं राहता येत नव्हतं. डोळ्यांनी तर तिला कधीचंच दिसत नव्हतं.

“पाच मिनिटांचं काम आहे,” यांगझोम म्हणाली. “पेटी मी उचलते, तुम्ही सोबत चला. तुमची आई आहे ती.”

“म्हणूनच नाही. आपल्या सरकारकडे जमीन नाही, पोलीस नाहीत, कोर्ट नाही. नियम तेवढे आहेत. तेही मोडले तर मग आपण नुसते स्वेटर विकणारे लोक.”

हे सगळं तिबेटीत चाललं होतं. दारात उभ्या असलेल्या टिकारामला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण भांडण कळलं. त्याच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. तो शेजारच्या केशोरी गावचा. धोंडुपची शेती कित्येक वर्षं ठेक्याने करत होता. केशोरीत ‘धोंडुप’ कुणाच्या तोंडात नीट बसलं नाही, म्हणून लोकांनी शेवटचं अक्षर गाळून त्याला आपल्यातलं करून घेतलं होतं.

“का गा धोंडूभाऊ, कालव्याचं पाणी आलं. उन्हाळी धानाची बांधी भरून घेऊ का? उद्या रोवणी लावतो.”

“आज मले विचारू नोको. वोटिंग आहे.”

टिकारामने आत डोकावून पाहिलं. भिंतीवर बर्फातल्या सिंहांचा झेंडा होता. बाकं बहुतेक रिकामीच होती.

“कायचं वोटिंग?”

“आमच्या सरकारचं.”

“कुठी आहे तुमचं सरकार?”

“धरमशालेले.”

“अन् देश?”

धोंडुपने टेबलावरचा पेन उचलला आणि सरळ करून पुन्हा तिथेच ठेवला.

टिकाराम चिडवत नव्हता. त्याला खरंच कोडं पडलं होतं. “म्हणजे देश हाती नाही अन् सरकार आहे. मंग वोट कायले देऊन राहिले गा तुम्ही?”

सभांमधून धोंडुपने या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा दिलं होतं. आज त्याने मतदारांची यादी पुढे ओढली. नावांपुढच्या सह्यांच्या जागा ओळीच्या ओळी कोऱ्या होत्या. कुणी कॅनडात होतं, कुणी फ्रान्समध्ये. त्याचा स्वतःचा मुलगाही तिकडेच. तिथे ते मत देतात की नाही, हे त्याने मुलाला फोनवर कधी विचारलं नव्हतं.

“आमा काऊन आली नाही?” टिकारामने विचारलं.

यांगझोमने त्याला हिंदीत सांगितलं. टिकाराम धोंडुपकडे बघत राहिला.

“म्हातारी तिकडं उंबऱ्यात बसून आहे अन् तू इथं डबा धरून बसला. अजब माणूस आहेस गा.”

मग तो बाहेरच्या नळावर गेला, पायांचा चिखल धुतला आणि धोंडुपच्या घराकडे चालू लागला.

आमाने आवाजावरून त्याला ओळखलं. “टिकाराम? पानी आया?”

“पाणीबी आलं अन् मीबी आलो. बस पाठीवर, आमा.”

तो तिच्यापुढे पाठ करून बसला. तिचं वजन धानाच्या पेंढीएवढंही वाटलं नाही. तिने दोन्ही हात त्याच्या गळ्याशी घट्ट गुंफले.

“धोंडुप को ऐसेच लाया था,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “बरफ में. छोटा था. बहुत रोता था.”

“आता दुसऱ्याईले रडवते.”

आमा हसली तेव्हा त्याच्या पाठीला ते कळलं. रस्त्याच्या कडेला प्रार्थनेच्या पताका वाऱ्याने विरून दोऱ्यांसारख्या झाल्या होत्या. थोडं चालून गेल्यावर तिने विचारलं, “तेरा गाँव कौनसा?”

टिकाराम केशोरीचा हे कॅम्पातल्या पोराटोरांना ठाऊक होतं. त्याचं आधार कार्ड केशोरीचं, रेशन केशोरीचं, मत केशोरीचं. तो तेच सांगायला गेला आणि म्हणाला,

“बेहडाटोला.”

त्याचं पाऊल अडखळलं. परक्या माणसापुढे हे नाव त्याने किती वर्षांत उच्चारलं नव्हतं.

“किधर है?”

“धरणात गेला, आमा. मी लहान होतो तवा.”

“और लोग?”

“लोक आहेत ना. कोणी केशोरीत, कोणी अर्जुनीत. नंदलालचं घर पार आमगावले गेलं. पर बेहडाटोल्यातलं कोणी मेलं का पयला खांदा आमचाच. अन् आपसात पोरीबी देत नाही आम्ही. गावभाऊ होतात.”

“कौन बोलता है, लड़की मत दो?”

“कोण बोलन? गावच नाही त पाटील कुठचा!”

बोलून झाल्यावर तो जरा हळू चालू लागला.

शाळेत पोचल्यावर त्याने तिला टेबलासमोरच्या खुर्चीत ठेवलं. धोंडुप उठून उभा राहिला. एखाद्या अनोळखी बाईला विचारावं तसं त्याने विचारलं, “आपलं नाव?”

आमाने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि न विचारताच गावाचंही सांगितलं. धोंडुपने ते लिहून घेतलं. मुलाने आईचं मत लिहायचं नाही, असा नियम होता. म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि आमा यांगझोमच्या कानात कुजबुजली. घडी घातलेला कागद तिला स्वतःच टाकायचा होता. तिची बोटं पेटीच्या झाकणावरून फट शोधत फिरू लागली. धोंडुपचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि परत गेला. फट तिला सापडली.

टिकाराम पुन्हा पाठ करून बसला.

“घर नहीं,” आमा म्हणाली. “तेरा गाँव दिखा.”

“तिथं काई नाही, आमा. पाणी आहे नुसतं.”

“दिखा ना.”

टिकारामने धोंडुपकडे पाहिलं. मतदान संपायला अजून वेळ होता. धोंडुप पेटीवर हात ठेवून उभा होता. “जा घेऊन,” तो म्हणाला. “मले येता येत नाही.” ती दोघं घराची वाट सोडून धरणाच्या पाळीकडे वळली, सागाच्या झाडांत दिसेनाशी झाली, तरी खिडकीबाहेरची त्याची नजर हलली नाही. यांगझोमने खुर्ची त्याच्या मागे आणून ठेवली.

पाळीवर वारा होता. टिकारामने आमाला एका सपाट दगडावर बसवलं आणि तो तिच्याशेजारी उभा राहिला. समोर दूरवर ऊन सांडलेलं पाणी होतं आणि मधेच काही बदकं. बोट कुठे दाखवावं, हेच त्याला क्षणभर समजेना.

“तिकडं,” शेवटी तो म्हणाला आणि तिचा हात धरून त्याने तो लांब केला. “त्या दोन टेकड्याईच्या मधात.”

आमाने तिकडे तोंड वळवलं. तिचे पांढुरके डोळे पाण्यावर स्थिर झाले.

“हाँ,” ती म्हणाली. “दिखता है. पहला घर किसका?”

टिकारामने तिचा हात थोडा डावीकडे सरकवला.

“पयलं मनिरामचं. दारात चिंच होती. त्याच्या बाजूले सावित्रीबाईचं, ते मातीचं. मंग आमचं. मंग विहीर. विहिरीच्या पल्याड…”

तो थांबला. विहिरीच्या पलीकडे एक घर होतं. निळं दार होतं. दारात कुणीतरी बसलेलं असायचं.

आमाने हात सोडवून घेतला नाही.

“याद कर,” ती म्हणाली. “जल्दी नहीं है.”