उतारावरचा काटा

घरासमोरचा ड्राइव्हवे चांगलाच उताराचा. गाडी नेहमी तोंड खाली करून उभी असायची, पाणी प्यायला वाकलेल्या गाईसारखी. सकाळी कामाला जाताना तिच्या नवऱ्याने, संजीवने किल्ली फिरवून पेट्रोलचा काटा बघितला होता. अमेरिकेत पेट्रोलला गॅसच म्हणायचं, तसं तो म्हणाला, "अर्धी टाकी गॅस आहे, नीला. अटलांटाला आरामात जाऊन येशील."

आता दुपार होती. जॉर्जियातला जुलैचा उकाडा काचेला नाक लावून बसला होता. नीला गाडी चालवत होती आणि शेजारी सरलामावशी मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसल्या होत्या. मावशी नात्याच्या नव्हत्या, पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांची बायको. पण या डोंगराळ गावात मराठी बोलणाऱ्या तेवढ्याच, म्हणून मावशी. पेटीत दुधाची बाटली होती. नीलाचं दूध.

लेक दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मली होती. बारसं व्हायचं होतं, म्हणून अजून नावही नव्हतं. अटलांटाच्या हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत नाकात नळी घेऊन पडलेली ती. आज चार वाजता पहिल्यांदा तिला तोंडाने दूध पाजून बघणार होते. "वेळेवर या," फोनवर नर्स म्हणाली होती. "डॉक्टर चारलाच आहेत. नाहीतर आज पुन्हा नळीच, आणि मग थेट सोमवारी बघू." वर हेही म्हणाली, की वजन काल थोडं उतरलंय.

फोन ठेवताच नीलाने गाडीची किल्ली उचलली होती.

पहिल्याच चढावर काटा पाव टाकीवर आला.

"मावशी, आत्ता तर अर्धा होता!"

"रस्त्याकडे बघ गं. काटा कुठे पळून जात नाही."

"पळतोय की!"

उतार लागला आणि काटा हळूच वर सरकला. नीलाने श्वास सोडला. डावीकडे गॅस स्टेशन दिसलं, लाल छपराचं. पण घड्याळ तीनच्या पुढे गेलं होतं, आणि काटा बरा होता. ती थांबली नाही.

मग मोठा रस्ता लागला, सपाट, सरळ. दोन्ही बाजूंना नुसती पाइनची झाडं. काटा बुडत गेला तो थेट तळाशी.

"लबाड मेला," मावशी म्हणाल्या.

"संजीव म्हणतो, टाकीत एक बोंडूक तरंगत असतं, दांडीला लावलेलं. ते वर गेलं की काटा वर."

"मग गाडी कलली की गॅस एका अंगाला धावणारच ना? बोंडूक त्याच्या मागे. त्यात टाकी काय मापट्यासारखी सरळ असते? घागरीसारखी असणार, बुडाला निमुळती. वरचं सावकाश सरतं, खालचं बघता बघता." मावशींनी पेटी सावरली. "तुझ्या नवऱ्याला एवढं कळतं, तर गाडी सपाटीवर आणून का नाही बघितली?"

"इंजिनिअर आहे ना तो," नीला म्हणाली. दोघी हसल्या, हसू लगेच विझलं.

नीलाने एसी बंद केला. गॅस वाचेल म्हणून. मग आठवलं, बर्फ. मावशींनी पदर पेटीवर पांघरला आणि तिच्यावर वाकून बसल्या. थोड्या वेळाने त्या पुटपुटल्यासारख्या म्हणू लागल्या:

"दूध माझं चाललं गं डोंगराच्या पल्याड,
तान्ही माझी वाट बघे काचेच्या गं आड."

"नका ना मावशी. रडू येतं."

"मग रड. चालवता चालवता रड."

अटलांटाच्या अलीकडच्या अल्फारेटाची पाटी आली. नीला गॅस भरायला मोठ्या रस्त्यावरून उतरली. आडरस्त्याच्या टोकाला, छोट्या चढावर, गॅस स्टेशनचा फलक दिसत होता. चढाच्या मध्यावर गाडीने आचके दिले, एक, आणखी एक, आणि मुकी झाली.

नीलाने ब्रेकवरचा पाय सैल केला. गाडी मागे घरंगळत सपाटीवर आली. किल्ली फिरवली. खोकली आणि चालू झाली. पुन्हा चढ, पुन्हा आचका. पुन्हा खाली.

"मी चालत जाते," मावशी म्हणाल्या. "डबा घेऊन येते भरून."

"या उन्हात? आणि बर्फ? वेळ कुठे आहे मावशी?" नीलाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. डोळ्यांपुढे ड्राइव्हवे आला. वाकलेली गाय. तोंड खाली, आणि काटा अर्ध्यावर.

ती ताठ बसली. "तोंड खाली असलं की काटा वर असतो. म्हणजे गॅस पुढच्या अंगाला येतो. चढताना तो मागे पळतोय. इंजिनला ओढायला मिळत नाहीये."

"मग?"

"मग उलटी चढवायची."

"अगं बाई!"

सपाटीवर तिने गाडी वळवली, तोंड उताराकडे केलं, रिव्हर्स टाकला आणि मान मागे फिरवली. मावशींनी पेटी छातीशी धरली आणि डोळे मिटले. गाडी पाठमोरी चढू लागली. घुंगुरवाळे घातलेल्या बाळाच्या पावलांनी, हळूहळू. मागून येणारा ट्रकवाला थांबला, तोंड उघडं ठेवून बघत राहिला. नीलाने काट्याकडे बघितलंच नाही. ती कान देऊन इंजिन ऐकत होती. ते धापा टाकत होतं, पण थांबत नव्हतं.

गॅस स्टेशनच्या दारात गाडी पाठीने शिरली.

हॉस्पिटलच्या जिन्यावर दोघी धावत होत्या तेव्हा चार वाजून गेले होते. वॉर्डच्या दाराबाहेरच नीलाचे पाय थबकले. आतून एक आवाज येत होता, चिरका, रागावलेला. आतापर्यंत लेकीच्या काचेच्या पेटीतून कधी मांजराएवढाही आवाज आला नव्हता.

"कोणाचं बाळ हो?" मावशींनी विचारलं.

नर्स दारात आली. घाम पुसत म्हणाली, "डॉक्टरांना मी थांबवून ठेवलंय. वजन आजही तेवढंच आहे. पण अर्धा तास झाला, तुमचीच लेक भुकेने नुसती किंचाळतेय. आणा ती बाटली."

नीलाने पेटीचं झाकण काढलं. बर्फाचं पाणी झालं होतं. बाटली अजून गार होती.