पांढऱ्या वाटेचा साक्षीदार

मी खोटं बोललो ते गेल्या मार्चमध्ये, फर्लडीन गावच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर माणसांदेखत. कुणी म्हणेल, क्लेम बॉटिंगची म्हातारपणी बुद्धी फिरली. फिरलीबिरली नाही. चांगला शुद्धीत होतो, दाढी करून गेलो होतो.

भानगड वाटेची होती. आमची वस्ती सॉल्टएंड, अगदी खाडीच्या काठाला. गाव डोंगरापलीकडे. डोंगर सगळा खडूचा, आणि त्याच्या खांद्यावरून जी पायवाट जाते तिला आम्ही पांढरी वाट म्हणतो, कारण पावसात बुटांना असा पांढरा राडा धरतो की घासून घासून हात दुखतात. वीस मिनिटांत गावात. शनिवार-रविवारी शहरातले हौशी लोक काठ्या टेकत यायचे, फोटो काढायचे आणि फाटक सताड उघडं टाकून जायचे. त्यांचं काय जातंय! आम्हाला ती वाट शाळेला, दवाखान्याला, बसला लागायची.

ही वाट पेलिंगच्या शेतातून जाते. दोन वर्षांपूर्वी ते शेत लंडनच्या एका बड्या असामीनं घेतलं आणि फाटकाला साखळी घातली. मग उरला गाडीरस्ता. तीन मैल, दोन्हीकडे छातीएवढे बांध, कडेला पाऊल ठेवायला वीतभर जागा नाही, आणि त्यात खाणीचे ट्रक. माझ्या घरापासून दोन घरं सोडून ब्रेंडा एकहर्स्ट राहते. तिची मुलगी मँडी शहरात वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, म्हणून तेरा वर्षांची नात टिली आजीकडेच असते. ही पोर रोज त्या रस्त्यानं बसला जायची. नोव्हेंबरात एका ट्रकच्या आरशानं तिच्या पाठीवरचं दप्तर उडवून बांधावर फेकलं. पोरगी घरी आली ती दातावर दात वाजत.

झालं, ब्रेंडा पेटली. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेनं कुणाला न विचारता, कुणी न अडवता चालले असले, तर ती वाट लोकांची, असा आमच्याकडचा कायदा. ब्रेंडानं घरोघर हिंडून एकतीस जणांचे अर्ज भरून घेतले. माझाही घेतला. 'तुम्हाला या वाटेवर कधी कुणी अडवलं का?' मी लिहिलं, 'नाही.' खरंच होतं ते. मला कोण अडवणार? अडवायला उभा राहणारा मीच होतो.

म्हातारा पेलिंग म्हणजे पक्का बेरकी. कायदा त्याला वकिलापेक्षा जास्त कळायचा. वर्षातून एक दिवस वाट बंद ठेवली की उरलेले सगळे दिवस लोक मालकाच्या मेहेरबानीनं चालतात, हक्कानं नाही. त्यानं दिवस निवडला नाताळचा. सगळं गाव घरात जेवणाच्या टेबलाशी, कोण कशाला डोंगर चढतोय? सकाळी उजाडताना मी कुलूप घालायचं, दिवसभर तिथं उभं राहायचं, अंधार पडताना काढायचं, आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मी त्याचा गडी, राहतं घर त्याचं. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर गेलं. सहा वर्षांपूर्वी तो मरेपर्यंत मी दर नाताळला त्या फाटकाशी थंडीत काकडत उभा राहिलो. कुणी आलं नाही. एकदाच आलं.

मार्चमध्ये हॉलात वाटेच्या अर्जाची सुनावणी होती, तिच्या आदल्या गुरुवारी दुपारी ब्रेंडा माझ्या स्वयंपाकघरात आली, बगलेत फाइल, एकदम खुशीत.

"बघ, नव्या मालकाच्या वकिलानं काय उकरून काढलंय! म्हाताऱ्याची वही. दर नाताळला एकच ओळ. 'फाटक बंद. बॉटिंग.' म्हणे तूच कुलूप लावायचास!" ती हसली. "नुसत्या वहीला कोण विचारतंय? तू 'नाही' म्हण, की त्यांचा खेळ खलास. त्या शेतावरचं दुसरं कोण जिवंत आहे आता?"

मी किटली भरत होतो. नळ तसाच वाहत राहिला.

"क्लेम? अरे दातखीळ बसली का तुझी?"

आता हे सांगितलं पाहिजे, की ब्रेंडाचा नवरा डेनिस गेला तो नाताळच्याच दिवशी, त्रेचाळीस वर्षांपूर्वी. खाडीतल्या चिखलात तिसऱ्या दिवशी सापडला. त्या शरद ऋतूत त्याची होड्यांच्या कारखान्यातली नोकरी गेली होती, तोंड पाडून हिंडायचा. गावानं ठरवून टाकलं की यानं आपणहून भरतीत पाय टाकला. तोंडावर कुणी बोललं नाही, पण बायका ब्रेंडाशी जरा जपून, हळू आवाजात बोलायला लागल्या, आणि तेवढ्यात तिला काय ते समजलं. एकदा वाटाणे सोलताना ती मला म्हणाली होती, "डोंगरावरनं जातो म्हणून घरातनं निघाला. मग खाडीत काय करत होता? मला फसवून गेला, क्लेम." मी तोंडात मिठाची गुळणी धरून वाटाणे सोलत राहिलो होतो.

नळ बंद केला आणि सांगून टाकलं. "वहीत लिहिलंय ते खरं आहे. आणि डेनिस त्या दिवशी फाटकाशी आला होता. मी त्याला परत पाठवला."

ब्रेंडा उभीच होती. मग खुर्ची न बघताच बसली.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, 'सोड की रे, कुणाला कळतंय?' मी म्हटलं, 'पेलिंग खिडकीतनं बघतो, माझं घर जाईल.' तर म्हणाला, 'बरं बाबा, ओहोटी आहे, खालनं काठाकाठानं जातो.' तेव्हा सगळेच जायचे तसे. धुकं मागनं आलं, ब्रेंडा. तो गेला तेव्हा धुकं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो."

"हातात काही होतं?"

"पुडिंगचं भांडं. फडक्यात बांधलेलं."

"गावात त्याच्या आईला द्यायला दिलं होतं मी." ती म्हणाली. "म्हणजे देऊन परत येणार होता."

"चहाच्या वेळेला घरी पोचायचंय म्हणाला."

तिनं फाइल उचलली आणि माझ्या तोंडावर हाणली. कागद जमिनीवर पसरले. "त्रेचाळीस वर्षं, मेल्या! दोन घरं सोडून राहतोस! माझी लग्नाची अंगठी मी पाण्यात टाकून आले! माझी मँडी बापाचं नाव घेत नाही, त्याचा एक फोटो घरात ठेवू देत नाही. आणि तू दर नाताळला माझ्याकडे जेवायला येत होतास, हरामखोरा, कुलूप काढून झालं की!"

खरं होतं ते. दर वर्षी जेवत होतो.

ती रडली. मी खाली बसून कागद गोळा केले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. शेवटी म्हणालो, "मंगळवारी हॉलमध्ये सगळं सांगतो. सगळ्यांसमोर. डेनिसनं जीव दिला नाही, हे कळू दे गावाला." आणि खरं सांगतो, असं म्हणताना मला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. बरं वाटलं.

"आणि वाट?" ती म्हणाली.

"वाट जाईल. कुलूप होतं हे कबूल केलं की गेली."

ब्रेंडा नाक पुसून खिडकीबाहेर बघायला लागली. चार वाजून गेले होते. टिली बांधाला घासत घासत येत होती, अंगात ते रस्ता खोदणाऱ्या मजुरांसारखं पिवळं जाकीट. पाठीमागनं ट्रक आला तशी पोर काटेरी कुंपणात अंग घुसवून उभी राहिली. ट्रक गेल्यावर बाहेर आली आणि पुन्हा चालायला लागली.

"नाही सांगायचं," ब्रेंडा म्हणाली.

"ब्रेंडा, अगं..."

"तुझं मन हलकं व्हावं म्हणून मी माझी नात रस्त्यावर घालू? इतकी वर्षं गिळलंस ना? अजून गिळ."

"मग डेनिस?"

"डेनिस मेलाय," ती म्हणाली. "टिली मेली नाहीये." कागद माझ्या हातातून घेतले आणि गेली.

मंगळवारी हॉल गच्च भरला होता. वकिलानं वही नाचवली. मी म्हटलं, म्हातारा शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाला होता, मी कसलंही कुलूप लावलं नाही. लोक हसले. वाटेचा मुख्य अर्ज ब्रेंडाच्या नावावर होता, तेव्हा तिलाही प्रश्न विचारायचा अधिकार होता. तिनं काही विचारायची गरज नव्हती. पण ती उठली.

"मिस्टर बॉटिंग, त्या फाटकावरून तुम्ही कधी कुणा माणसाला परत पाठवलंत?"

तिसऱ्या रांगेत मँडी बसली होती, रात्रपाळी करून तशीच आलेली. ब्रेंडा तिच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

"एकालाही नाही?"

"एकालाही नाही."

"धन्यवाद," म्हणून ती बसली.

निकाल जूनमध्ये आला. वाट लोकांची झाली, साखळी निघाली, टिली आता वीस मिनिटांत बसला पोचते. पण ते पुढचं. त्या दिवशी सगळे खुर्च्या सरकवून उठत होते, आणि मी दाराशी टोपी चाचपत होतो, तेवढ्यात मँडी गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. ब्रेंडा तिच्या मागेच होती, कोटाची बटणं लावत. मँडीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे डोळे भरून आले होते.

"क्लेमकाका," ती म्हणाली, "माझा बाप आईला टाकून गेला. तुम्ही होतात म्हणून निभावलं आमचं."

मी ब्रेंडाकडे बघितलं. ती शेवटचं बटण लावत होती.

"चल मँडी," ती म्हणाली, "झोपायचंय ना तुला."