रबरी कड्यावरचा केस

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे, पण रस्त्यावरची नव्हे, पाण्याखालची. पुढे दोन मुठी, मागे पंखा, पोटात बॅटरी. मूठ दाबली की मी माणसाला पाण्यातून ओढत नेते, सोडली की थांबते.

माझ्या पोटाच्या सांध्यात एक रबरी कडं बसतं. त्यावर एखादा केस जरी आडवा राहिला, तरी खोलवर दाब वाढताच पाणी आत शिरतं. म्हणून पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहायला शिकवणारे आमचे मास्तर रोज सकाळी ते कडं पुसत, ग्रीस लावत आणि दिव्यापुढे धरून तपासत. सलग नऊ वर्षं. "ही माझी थोरली लेक," असं ते सगळ्यांना सांगत. मला ते खरं वाटे.

यंदा पन्नाशीच्या एक नर्सबाई शिकायला आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मूठ करकचून दाबली आणि मी त्यांना थेट तलावाच्या भिंतीवर नेलं. वर येऊन त्या म्हणाल्या, "आमच्या वॉर्डातलं स्ट्रेचर बरं, निदान सांगितलेलं ऐकतं." पुढे आमचं छान जमलं. शेवटची परीक्षा झाली की त्यांना समुद्रात उतरायची परवानगी मिळणार होती. त्यासाठी त्यांनी वर्षभराच्या रजा साठवल्या होत्या.

परीक्षेच्या सकाळी मास्तर खांद्याशी फोन धरून बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी कडं बसवलं. दिवा लावलाच नाही.

सहा मीटरवर माझ्या पोटात पाणी शिरलं. मी जड झाले, बुडू लागले. नर्सबाईंनी मला लगेच सोडलं आणि श्वास न रोखता, आपल्याच बुडबुड्यांच्या मागे राहत त्या सावकाश वर गेल्या. शिकवलं होतं अगदी तसंच.

मास्तरांनी मला वर काढून उघडलं. कड्यावर त्यांच्याच दाढीचा पांढरा केस होता. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला, पँटला पुसला आणि नर्सबाईंना विचारलं, "कुठे आपटलीत हिला?"

"मास्तर, तुम्हीच माझ्या हातात दिलीत. आपटायला वेळ कुठे मिळाला?"

"नऊ वर्षांत हिच्यात थेंबभर पाणी शिरलेलं नाही."

परवानगीच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. नर्सबाई दारापर्यंत गेल्या, थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "लागलीही असेल कुठे. माझंच लक्ष नसेल." मास्तरांनी तो कागद घडी करून खणात टाकला. नर्सबाई पुन्हा आल्या नाहीत.

आता मी सामानाच्या खोलीत वरच्या फळीवर आहे. माझ्या मुठीला मास्तरांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'विद्यार्थिनीने आपटली.' खाली दुसऱ्या स्कूटरचं कडं ते रोज दिव्यापुढे धरतात. वर मात्र पाहत नाहीत.

मित्रांनो, यंत्रं पुसून ठेवा, त्यांचे सांधे तपासा. आणि एखाद्या दिवशी राहून गेलं, तर राहिलं म्हणून सांगा. मला बरं व्हायला एक नवी बॅटरी पुरेल. नर्सबाईंना एकच वाक्य हवं आहे, आणि ते फक्त मास्तरांकडे आहे.