रिकाम्या फेऱ्या

जुना संगणक म्हणून माझी ओळख करून देतात, मित्रांनो, पण त्यात जुना असा मी एकटाच उरलो आहे. मी म्हणजे बाहेरचा पत्र्याचा डबा. दुकानात मला कॅबिनेट म्हणतात. माझ्या पोटातला मदरबोर्ड बदलला, रॅम बदलली, पंखे बदलले, डिस्क बदलली. ग्राफिक्स कार्डाचे तर विचारूच नका. पाहुणे आले की माझे झाकण काढून त्यांना ते कार्ड दाखवले जायचे. पाहुणे "वा, वा" म्हणायचे. ते झाकण कोणाचे, हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेले नाही.

तेव्हा सांगताना माझा आवाज थोडा चढला तर समजून घ्या. माझ्या जागी दुसरे कोणी असते तरी वैतागलेच असते.

एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, काळा रंग मारून मला तयार केले. मला ज्यांनी विकत घेतले ते लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करतात. घरात त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांची मुलगी लहानपणी फार बारकी होती, म्हणून तिचे नाव टिकली पडले. आता ती आईपेक्षा उंच झाली आहे, तरी घरात टिकलीच. मी आलो तेव्हा ती चौथीत होती. बाबांनी जमिनीवर चादर पसरून मला जोडले आणि टिकली एका वाटीत स्क्रू सांभाळत बसली. मुलीच्या अभ्यासाला उपयोग होईल, असे बाबांनी आईला सांगितले होते. आई दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. गोड खात नाही म्हणणारे पेशंट ती दिवसभर बघत असते. ती नुसती हसली.

अभ्यास झालाच नाही असे मी म्हणणार नाही. पण मला खरा मान मिळाला तो खेळामुळे.

तो खेळ दोघांचा होता. समुद्रात एक जहाज बुडालेले असते आणि दोन पाणबुडे ते वर काढायला निघतात. एकाकडे दिवा, दुसऱ्याकडे दोर. एकाने उजेड दाखवल्याशिवाय दुसऱ्याला गाठ मारता येत नाही. तो एकट्याने खेळताच येत नसे. टिकलीकडे दिवा असायचा आणि बाबांकडे दोर. माझ्यासमोर दोन स्टुले टाकून, गुडघ्याला गुडघा लावून ती दोघे बसायची.

"बाबा, डावीकडे या."

"आलो की."

"तुमच्या डावीकडे नाही, जहाजाच्या डावीकडे."

"जहाजाचं तोंड कुठे आहे तेच मला कळत नाहीये."

"म्हणून तर दिवा माझ्याकडे आहे."

बाबा तीन वेळा तरी एकाच खांबावर आपटायचे आणि टिकली हसून हसून लोळायची. तेव्हा माझ्या पोटात साधीच सामग्री होती, पण घर भरून जायचे. इतके चांगले दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत.

टिकलीची शाळा संपत आली तेव्हा खेळाचा शेवटचा भाग तेवढा राहिला होता. सगळे दोर बांधून झाले होते, आता जहाज वर यायचे होते. आणि नेमके तिथे घोडे अडले. इतके पाणी, इतके बुडबुडे, इतका मोठा सांगाडा एकदम दाखवताना चित्र अडखळू लागले.

"हे काही बरोबर नाही," बाबा म्हणाले. "नवीन कार्ड टाकू, मग शेवट थाटात बघू."

"चालतंय की, बाबा. जरासं अडकतंय फक्त."

"शेवट एकदाच बघायला मिळतो. मग धड बघू या ना."

मित्रांनो, त्यांचा हेतू वाईट होता असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले.

नवे कार्ड आले. ते माझ्यातल्या जागेपेक्षा लांब निघाले, म्हणून बाबांनी करवत आणून माझ्या आतला एक कप्पा कापून टाकला. कार्डाला वीज पुरेना, म्हणून नवा पॉवर सप्लाय आला. त्याची उष्णता वाढली, म्हणून पंखे आले. पंख्यांचा आवाज होऊ लागला, म्हणून ते पंखे गेले आणि दुसरे आले. संगणकाचे हे असेच असते. एक भाग बदलला की शेजारचा भाग लगेच जुना दिसू लागतो. प्रत्येक वेळी खर्च थोडाच व्हायचा आणि प्रत्येक वेळी बाबा आईला "आता हे शेवटचं" असे सांगायचे. मग त्यांना डिस्क मंद वाटू लागली. त्यांनी नवी डिस्क आणली, घरातले फोटो आणि कागदपत्रे तीवर उतरवली, खेळ नव्याने बसवला, जुनी डिस्क पुसून कोरी केली आणि पंख्यांच्या खर्चाला तेवढाच हातभार म्हणून विकून टाकली.

आता नीट ऐका. काही खेळ तुम्ही कुठवर आलात याची नोंद दूर कुठेतरी कंपनीकडे ठेवतात. हा खेळ एका छोट्या कंपनीचा होता. त्याची नोंद घरातल्या डिस्कवरच असायची. तो सेव्ह, टिकलीचा आणि बाबांचा सगळा प्रवास, त्या जुन्या डिस्कवर होता. डिस्क माझ्याच खालच्या कप्प्यात राहायची, म्हणून मला ते ठाऊक होते. बाबांच्या लक्षात आले नाही. आणि मला तोंड नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांना नंतर तरी कसे कळले नाही? त्याचेही कारण ऐका. दुरुस्त केलेली लिफ्ट आधी रिकामी वरखाली न्यायची आणि मगच माणसांना आत घ्यायचे, हा त्यांच्या कामातला नियम आहे. नियम चांगलाच आहे, पण बाबांनी तो घरी आणला. कोणताही भाग बदलला की ते तो खेळ लावत, "नवा खेळ" निवडत आणि पहिला प्रसंग बघत. धक्क्यावरून होडी निघते, तेवढाच. त्यांची नजर होडीकडे नसायचीच. कोपऱ्यात चित्राचा वेग दाखवणारा आकडा असतो, तो वर गेला की खूश, खाली आला की कपाळाला आठ्या. मग खेळ बंद आणि माझे झाकण उघडे. ती होडी इतक्या वेळा निघाली, पण पोहोचली एकदाही नाही. टिकली दारात उभी राहून बघायची.

"झालं का, बाबा?"

"झालंच. एवढा एक पंखा जरा कुरकुरतोय."

माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. कुरकुर पंखा करत नव्हता, मी करत होतो.

अशात एकदा मामा आला, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे कन्सोल आहे, म्हणजे नुसते खेळ खेळायचे यंत्र. त्याने माझ्या उघड्या पोटाकडे बघून नाक मुरडले.

"भाऊजी, किती दिवस हे ऑपरेशन? माझ्याकडे बघा. टीव्हीला जोडला, बटण दाबलं, सोफ्यावर बसलो. एवढ्या पैशात दोन कन्सोल आले असते."

"आणि गेम? तुझी एकेक डिस्क केवढ्याला पडते ते सांग ना," बाबा म्हणाले. "माझ्याकडे तोच गेम सेलमध्ये निम्म्याच्या खाली मिळतो. शिवाय ऑनलाइन खेळायचं तर तुला वर्षाचे वेगळे पैसे."

"डिस्क मी खेळून विकतो. तुम्ही तुमचा सेलमधला गेम कोणाला विकणार?"

"मी यावर टिकलीचे फॉर्म भरले, हिचा दवाखान्याचा हिशेब केला. तुझा डबा काय करतो?"

"माझा डबा गेम खेळतो, भाऊजी. तुमचा खेळतो का?"

मला मामाचा राग आला आणि तो बरोबर बोलला याचा जास्त राग आला. आई भांडी आवरत सगळे ऐकत होती.

टिकलीला दूरच्या शहरात प्रवेश मिळाला. वसतिगृहात जायचा दिवस ठरला, बॅगा खोलीत येऊन पडल्या. तेव्हा आईने मामाच्या ओळखीतून एक वापरलेला कन्सोल आणला आणि त्याच खेळाची डिस्कही आणली.

"हे घ्या," ती बाबांना म्हणाली. "ती जायच्या आधी दोघं एकदा बसा तरी. तुमचा डबा उघडाच राहणार, मला माहितीये."

कन्सोलला मी पाहिले. काळा, चपटा, एकही स्क्रू नजरेस न येणारा. टीव्हीखाली असा बसला होता की जणू घर त्याच्याच नावावर आहे. पण त्याचेही नखरे असतातच. चालू केल्याबरोबर त्याने अपडेट मागितले आणि टिकली अर्धी दुपार एका सरकत्या पट्टीकडे बघत बसली. पट्टी भरल्यावर जागा कमी आहे म्हणाला. मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या, खोटे कशाला बोलू? शेवटी खेळ लागला आणि पडद्यावर आले, "नवा खेळ". कन्सोलचा काय दोष? त्याने त्या दोघांचा प्रवास पाहिलाच नव्हता.

टिकलीने कंट्रोलर खाली ठेवला.

"आई, छान आहे हा. पण मला पहिल्यापासून नकोय. मला शेवट बघायचाय, बाबांबरोबर. तो त्या संगणकात आहे."

मी शेजारच्या खोलीतून, उघड्या दारातून सगळे बघत-ऐकत होतो. इतका असहाय मी करवत फिरली तेव्हाही नव्हतो.

जायच्या दिवशी सकाळी सगळे सामान बांधून झाले. गाडी संध्याकाळची होती. टिकलीने आपणहून दोन स्टुले आणून माझ्यासमोर ठेवली. बाबांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"दहा मिनिटं दे. एवढी एक वायर नीट बसवतो, एकदा चालवून बघतो, मग बसू."

टिकलीने त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"बाबा, तुमच्या लिफ्टमध्ये माणसं कधी बसतात?"

बाबांनी तिच्याकडे बघितले, मग बांधलेल्या बॅगांकडे. ते स्टुलावर बसले. माझे झाकण तसेच उघडे राहिले. मी सगळा जीव गोळा करून चालू झालो. खेळ लागला. टिकलीने सेव्ह केलेल्या खेळांची यादी उघडली. पडद्यावर एकच ओळ होती, "नवा खेळ".

"आपला कुठे गेला?" तिने विचारले.

बाबांनी इथे बघितले, तिथे बघितले. मग त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांना ती डिस्क आठवली, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले. त्यांनी लगेच ती विकत घेणाऱ्या माणसाला फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "तुम्ही कोरीच दिली होती ना, साहेब?"

"माझंच चुकलं, टिकले," बाबा म्हणाले. "मी रोज लावत होतो गं गेम. एकदाही यादी बघितली नाही."

टिकली रडली नाही, चिडलीही नाही. ती चिडली असती तर मला बरे वाटले असते. "जाऊ दे, बाबा," एवढे म्हणून तिने खेळ बंद केला. पहिल्यापासून सुरू करावे असे दोघांपैकी कोणीच म्हणाले नाही. संध्याकाळी ती गेली. कन्सोल तिच्या बॅगेत कपड्यांमध्ये आरामात मावला. मला न्यायचे म्हटले असते तर वेगळी हातगाडी लागली असती.

त्यानंतर बाबांनी मला उघडले नाही. झाकण लावले, धूळ पुसली आणि टेबलावर ठेवून दिले. आता आई माझ्यावर हिशेब करते.

परवा रविवारी दुपारी बाबा माझ्यासमोर नुसतेच बसले होते. टिकलीचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर ठेवला.

"बाबा, आमचा गेम संपला. माझ्या रूममेटने दोर धरला. ती तुमच्यापेक्षाही जास्त आपटते. शेवट बघितला आम्ही."

बाबांनी फोन जवळ ओढला.

"सांगू का? की नको?"

"सांग."

मग ती सांगत गेली. जहाज कसे हलले, वाळू कशी उडाली, डोलकाठी आधी वर आली की जहाजावरचे नाव आधी दिसले. बाबा हनुवटीखाली हात धरून, डोळे मिटून ऐकत होते. माझा पडदा समोर काळा होता. सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "अडकत होतं का गं कुठे?"

"कोण जाणे. अडकलं असेल. लक्ष कोणाचं होतं तिकडे?"

मित्रांनो, यंत्रांना जपा, पुसा, वेळच्या वेळी दुरुस्त करा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वैतागलेला डबा आहे, मी तेवढ्यावर थांबणार नाही. टीव्हीखाली कन्सोल असो की टेबलावर माझ्यासारखा कोणी, स्वस्त असो की महाग, शेजारच्या स्टुलावर माणूस येऊन बसला की स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि खेळ सुरू करा. जरा अडखळला तर अडखळू द्या.