पायी निघालेला ओरेस्ट

सकाळी सकाळी स्टेफानं डुकराच्या चरबीचा डबा उचलला आणि मागच्या दारी कुत्र्याच्या थाळीत उपडा केला. घरात तिथूनच भडका उडाला.

"अगं ती चरबी हाय!" ओरेस्ट खुर्चीतनं ओरडला. "आता कांदा कशात परतणार? पाण्यात?"

"पाण्यात परतीन, न्हाईतर कच्चा वाढीन. गप गिळायचा."

"आन कुत्र्याला काळीज नसतंय व्हय?"

"कुत्रं दिसभर खारीमागं पळतंय. तू कुणामागं पळतुयास?"

ओरेस्ट ह्नातियुकनं समोरचं बिनमिठाचं उकडलेलं अंडं काट्यानं इकडून तिकडं ढकललं आणि तोंड वाकडं करून खाल्लं.

ऑगस्टात गव्हाची कापणी चालू असताना त्याच्या छातीत कळ आली होती. कंबाईनच्या केबिनमध्ये घामानं निथळत होता, तरी पठ्ठ्यानं यंत्र थांबवलं नाही. उरलेला पट्टा कापून संपवला, गहू ट्रकमध्ये ओतला आणि मग घरी येऊन बायकोला म्हणाला, जरा बरं वाटत नाही. शहरातल्या दवाखान्यात त्याच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. हृदयाचा एक कोपरा कायमचा गेला, उरलेल्यावर भागवायचं, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. गावच्या नर्सबाईनं मीठ, चरबी आणि तंबाखू तिन्ही तोडलं, आणि रोज अर्धा तास चालायचं म्हणून बजावलं.

चालायचं म्हटल्यावर ओरेस्ट हसला होता. "बाई, जल्मभर शेतात राबलोय. मला चालायला शिकवताय?"

पण खरं सांगायचं तर तो कित्येक वर्षांत चालला नव्हता. त्याचा बाप घोड्यांमागं नांगर धरून मैलोन्‌मैल चालला. ओरेस्ट ट्रॅक्टरवर बसला, कंबाईनमध्ये बसला, आणि घरापासून गोठ्यापर्यंत जायचं तरी पिकअप काढू लागला. दिवसभर बसून दमायचा आणि त्याला कष्ट म्हणायचा. आमच्या सगळ्या तालुक्याची हीच तऱ्हा आहे. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या या सपाट मुलखात पोट सुटलेला शेतकरी बघून कुणाला नवल वाटत नाही.

स्टेफाला मात्र भीती बसली होती. तिनं दवाखान्यात त्याचा पांढराफटक चेहरा पाहिला होता. रात्री ती जागी व्हायची आणि त्याचा श्वास चाललाय का ते ऐकत पडायची. चाळीस वर्षं संसार केलेल्या या हेकट माणसावाचून ते घर तिला नको होतं, इतकी साधी गोष्ट होती.

"उठ," ती म्हणाली. "शाळेच्या कोपऱ्यापातुर जा आन परत ये."

"लोकं काय म्हणतील?"

"मेल्यावर काय म्हणतील ते ऐकायला तू असणार हायेस का? उठ!"

ओरेस्ट निघाला.

आता आमच्या रस्त्यांवर कुणी पायी चालत नाही. खडीचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना चर, आणि एका घरापासून दुसरं घर दिसेल न दिसेल. रस्त्यावर पायी माणूस दिसला, की त्याची गाडी बंद पडली आहे, हे लहान पोरालाही कळतं. आणि मग थांबायचंच. हिवाळ्यात इथं अडकलेला माणूस तासाभरात लाकूड होतो, म्हणून न थांबता पुढं गेलेल्याला इथं माफी नाही. त्याच्या नातवंडांनासुद्धा लोक ते ऐकवतात.

ओरेस्ट थोडा पुढं गेला असेल नसेल, तोच शेजारच्या वॉल्टर बिलिकची पिकअप धूळ उडवत थांबली.

"काय रं, कुठं बंद पडली?"

तब्येतीसाठी चालतोय, हे ओरेस्टच्या तोंडून निघेना. लाज वाटली. म्हणाला, "बॅटरी गेली."

"बस की मग. चल, कॉफी मारू, मग बघू."

दोघं गावातल्या सोसायटीच्या हॉटेलात गेले. तिथं सकाळी म्हाताऱ्यांचं टेबल भरतं. ओरेस्टनं कॉफी घेतली, दालचिनीचा साखर थापलेला मोठा बन खाल्ला, आणि तासाभरानं वॉल्टर ओरेस्टला घेऊन त्याच्याच अंगणात हजर झाला. हातात बॅटरीला जोडायच्या तारा.

"स्टेफा, बंद पडलेली गाडी कुठं हाय?"

स्टेफानं नवऱ्याकडं पाहिलं. मिशीला साखर लागली होती.

"ही काय," ती म्हणाली. "तुझ्या शेजारी उभी हाय."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः हॉटेलात गेली. त्या टेबलावर बायका बसत नाहीत. कुणी मनाई केलेली नाही, पण बसत नाहीत. ती जाऊन उभी राहिली तेव्हा सगळ्यांचे कप हवेतच थांबले.

"ऐका," ती म्हणाली. "माझा नवरा रोज सकाळी रस्त्यानं चालणार हाय. त्याची गाडी धडधाकट हाय. त्याचं काळीज बिघडलंय. त्याला कुणी गाडीत घेऊ नका."

"पर स्टेफा," म्हातारा एल्मर म्हणाला, "माणूस रस्त्यात दिसला आन थांबायचं न्हाई? कसं वाटतंय ते?"

"वाटू दे कसं बी. हात करा आन म्होरं जावा. बसला दिसला तर दम खातोय म्हणून समजा, नर्सनंच सांगितलंय बसायला. तुमी थांबलात की हा लबाड चढतोय गाडीत. मग त्याची मढ्याची पेटी मी तुमच्याच दारात आणून ठेवीन."

वॉल्टर हसला. "बरं बाई. न्हाई थांबत."

"शपथ घे."

सगळ्यांनी हसत हसत शपथ घेतली. वॉल्टरनं तर टोपी काढून छातीवर धरली.

ओरेस्टला हे कळलं तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं. "गावात माझी लाज काढलीस! दूधपित्या पोरागत माझी चौकीदारी लावलीस!" त्यानं बोलणं टाकलं. रागानं तरातरा बाहेर पडायचा, आणि रागात माणूस जरा जोरातच चालतो, त्यामुळं स्टेफा मनातून खूश होती.

पुढं राग गेला आणि चालणं राहिलं. गाड्या जवळून निघून जायच्या, हॉर्न वाजायचा, कुणी काच खाली करून ओरडायचा, "गिअर बदल की म्हाताऱ्या!" ओरेस्टही शिव्या घालायचा. घरी आला की सांगायला त्याच्याकडं काहीतरी असायचं.

"कोपऱ्यावरच्या रानात बिज्जू जनावरानं बीळ उकरलंय बग. आन तिथली माती पार खारट झालीया, पांढरी. केबिनमधनं कदी दिसलंच न्हाई मला. माझंच रान, आन मलाच ठाव न्हाई."

"पायानं चालल्यावर दिसतंय ते."

"व्हय तर," तो म्हणाला, आणि बिनमिठाचं कोबीचं सूप दोनदा मागून घेतलं. पट्ट्याला आतलं भोक पाडावं लागलं. जिना चढताना आता तो मधे थांबत नसे. स्टेफा रात्री सलग झोपू लागली. आपण जिंकलो असं तिला वाटलं, आणि वाटावं असंच सगळं होतं.

नोव्हेंबरात एका सकाळी उत्तरेचा वारा सुटला. बर्फ अजून पडलं नव्हतं, पण चरातलं पाणी गोठून काच झालं होतं.

"आज ऱ्हाऊ दे," स्टेफा म्हणाली.

"आता तूच ऱ्हाऊ दे म्हणतीस?" ओरेस्ट हसला. खुंटीवरचा जाड कोट काढून त्यानं अंगात घातला. "येतो लगीच."

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची कुपी रोजच्या पातळ जाकिटाच्या खिशात होती. जाकीट खुंटीवरच राहिलं. दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

स्टेफानं बटाटे सोलले, कणीक मळली. मग घड्याळाकडं पाहिलं आणि हात न धुताच गाडी काढली. शाळेच्या कोपऱ्याच्या अलीकडं, रस्त्याखालून पाण्याचा पाईप जातो तिथं, तो चराच्या कडेला बसलेला होता. पाठ वाऱ्याकडं, हनुवटी छातीवर. दुरून खरंच दम खात बसल्यासारखा दिसत होता. जवळ जाऊन तिनं हात धरला. बोटं ताठ झाली होती. तिच्या हाताची कणीक त्याच्या बाहीला लागली.

तो बराच वेळ जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत कुणी आणलं असतं तर वाचलाही असता. डॉक्टर सरळ माणूस. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

त्या वेळात त्या रस्त्यानं कोण कोण गेलं, ते गावात कुणी बोलत नव्हतं. दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरात बायकांनी पेरोगीच्या उकडलेल्या करंज्या आणि कोबीचे गुंडाळे मांडले. लोक स्टेफाचा हात धरत आणि खाली बघत. शाळेची बस चालवणारी व्हर्ना तिच्यासमोर येऊन नुसतीच रडली. तीही त्या वाटेनं गेली होती, हे स्टेफाला तेव्हाच कळलं.

चार दिवसांनी वॉल्टर आला. दारातच टोपी काढून उभा राहिला.

"बस," ती म्हणाली.

"बसत न्हाई. मला सांगायचंय." वॉल्टर म्हणाला. "म्या त्या वाटंनं गेलो हुतो, स्टेफा. तो बसला हुता. त्यानं हात वर केला."

"मग?"

"म्या बी केला."

चुलीवर पाणी उकळत होतं.

"हात कसा केला त्यानं?" तिनं विचारलं. "दाखव."

आमच्याकडं गाडीतून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं की रामराम होतो. कुणी पुरा हात हलवत नाही. वॉल्टरनं हात उचलला, पंजा सगळा उघडा, डोक्याच्या वर.

"असा?"

"असाच. मला वाटलं, आज गडी खुशीत हाय." वॉल्टर भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडू लागला. "म्या हॉर्न बी वाजवला गं."

स्टेफाला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. मग ते हसत शपथ घेणारं टेबल तिला आठवलं.

"न थांबायला म्याच सांगितलं हुतं," ती म्हणाली.

"तसं नगं बोलूस."

"तसंच हाय ते. तू बी म्हणत असशील मनात. सगळं गाव म्हणतंय. तोंडावर बोलायला भितंय, एवढंच." तिनं डोळे पुसले. "नर्सनं परवा माझा बी दाब तपासला. लई वाढलाय. मला बी चालायला सांगितलंय."

"त्याच रस्त्यानं?"

"दुसरा रस्ता हाय का आपल्याला? उद्यापास्नं चालणार हाय. आन तुमी थांबायचं. म्या जा म्हणलं तरी थांबायचं. काच खाली करून माझं तोंड बघायचं आन इचारायचं. सगळ्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी बारीक बर्फ पडत होतं. स्टेफा शाळेच्या कोपऱ्याकडं चालू लागली. पाईपापाशी तिनं चराकडं एकदा पाहिलं आणि ती पुढं गेली. पहिली गाडी वॉल्टरचीच होती. तो खाली उतरला, जवळ आला.

"बरी हायेस का, स्टेफा?"

"बरी हाय. जा."

मग व्हर्नाची बस थांबली, पोरांनी खिडक्यांना नाकं लावली. मग एल्मर, मग टपालवाला. प्रत्येकानं विचारलं, आणि ती प्रत्येकाला तेच म्हणाली. ओरेस्टला त्या सकाळी याच्या उलट सांगायचं होतं, आणि त्याला कुणीच विचारलं नव्हतं.